होडी पास झाली

दुपारची सगळी वस्ती झोपली होती. टक् असा आवाज झाला आणि पडवीतून एक कपड्यांचा चिमटा उडून भांड्यांच्या मांडणीवर आदळला. ताटं क्षणभर थरथरली आणि गप्प झाली. मी फेथला मांडीवर थोपटत होते. अर्धे मिटलेले तिचे डोळे टक्क उघडले.

"पप्पांची होडी सुटली," ती म्हणाली, आणि हसली.

हे हसणं माझ्या लेकीचं नव्हतं. ती हसते तेव्हा आधी गाल वर जातात, मग दात दिसतात. हे हसणं नाकातून आलं होतं. आधी नाकपुड्या, मग ओठांचा एकच कोपरा. हुबेहूब तिच्या आजीचं. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर.

चिमट्याचं सांगते. घरातले सगळे चिमटे त्या वेळी होडीला लागले होते. रॉनी, म्हणजे माझा नवरा, पडवीत लाकडी होडी बनवत होता. परदेशातून मशिनं येतात त्या खोक्यांची पांढरी फळी त्यानं कुरकुंभच्या भंगारवाल्याकडून आणली, दौंडच्या वखारीत तिच्या अंगठाभर रुंदीच्या पट्ट्या पाडून घेतल्या, आणि प्लायवूडच्या साच्यांवर एकीला एक चिकटवत चालला होता. गोंद वाळेपर्यंत दोन पट्ट्या धरून ठेवायला काहीतरी हवं. विकतचे शिकंजे महाग पडतात, बायकोचे चिमटे फुकट असतात. माझी धुणी भिंतीवर दगडाखाली वाळायची. त्याचाच एक बनियन उडून शेजारच्या सीताफळावर जाऊन बसला, तो मी मुद्दाम तिथंच राहू दिला.

लोकांसमोर मी रॉनीला अहो म्हणते, मनात अरे म्हणते. त्या दिवसांत मनातलं बोलणं बरंच वाढलं होतं.

सुरुवात झाली भीमेच्या काठावर. आम्ही तिघं फिरायला गेलो होतो, आणि फेथनं विचारलं, "आपल्याला होडी का न्हाई?" शहाणा बाप म्हणाला असता, बाळा, आपण मासे धरत नाही. रॉनी म्हणाला, "मी करून देतो." हे त्याचं ब्रीदवाक्य. फेथ पोटात असताना पाळणा करून दिला, तो असा कुरकुरायचा की पोरगी त्यात झोपण्याऐवजी जागी व्हायची. कोंबड्यांचं खुराडं केलं, त्याचं दार आतून उघडायचं. कोंबड्यांना ते आधी कळलं, आम्हाला नंतर. चपलांची मांडणी केली, तिच्यात आता कांदे आहेत.

एक काम मात्र त्याला येतं. कुरकुंभला कंपनीत तो मेंटेनन्सला आहे, टाक्यांना आतून फायबरचं कापड आणि रेझिन लावतो. ॲसिड पत्र्याला खाऊ नये म्हणून. टाकी झाली की तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खालून हात फिरवायचा. हात कोरडा राहिला तर टाकी पास. लोक लग्नातल्या गोष्टी सांगतात तशा तो या टाक्यांच्या गोष्टी सांगतो.

"माझी एक पण टाकी फेल न्हाई," तो म्हणायचा.

"टाकी तरंगत न्हाई," माझ्या सासूबाई, दयाबाई, म्हणायच्या. "नोहाला तरी देवानं सांगितलं हुतं. तुला कुणी सांगितलं?"

"फेथनं."

"मग ठीक हाय. जलप्रलय कवा हाय ते पण तिलाच इचार."

आमच्या शेजारी हौशीराम आबा राहतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिच्याकडं तिरकं बघतात, ती काहीतरी चोरून नेते आहे अशा नजरेनं. रोज सकाळी दातात लिंबाची काडी धरून ते आमच्या फाटकाशी यायचे.

"रॉनी, आरं ही काहील हाय का पाळणा?"

"होडी हाय, आबा."

"व्हय का. मला वाटलं गुऱ्हाळ काढतूस."

आणि काडी चघळत जायचे. स्वतःच्या घराचं फाटक त्यांनी कितीतरी वर्षं तारेनं बांधून ठेवलंय. आबा गेले की सासूबाई ते फाटक दाखवून नाकातून हसायच्या.

शनिवार-रविवारी हडपसरहून माझा दीर ऑस्टिन यायचा. तो कुठल्याशा ऑफिसात बसतो आणि आम्हाला 'तुम्ही लोक' म्हणतो. जन्मला याच पडवीत. होडीला एक फेरी मारून त्यानं मोबाईल काढला.

"दादा, ऑनलाइन मिळते रे. हवा भरायची, वापरायची, घडी घालून ठेवायची. तुम्ही लोक उगाच कष्ट करत बसता."

"ती रबरी असंल," रॉनी म्हणाला.

"मग? पाण्याला काय कळतंय?"

या ऑस्टिननं गेल्या ख्रिसमसला आमच्या घरातली ट्यूब बदलायला घेतली आणि अर्ध्या वस्तीचे दिवे घालवले होते. तेव्हापासून तो काही बोलायला लागला की मी वर ट्यूबकडं बघते. फेथला ते माहीत आहे. तीही बघते.

आणि मी? मीही काही कमी नव्हते. स्वयंपाकघरातून मला होडीचं टोक दिसायचं, आणि पोळी लाटता लाटता मी एकेक वाक्य तयार ठेवायचे. "तुमचं गलबत जरा सरकवा, मला झाडायचंय." "कॅप्टन, पिठाचा डबा काढून द्या." रॉनी खरंच डबा काढून द्यायचा आणि परत जाऊन पट्टी चिकटवायचा. टोमणा लागलाच नाही तर टोमणा मारणारीची किती फजिती होते, हे लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको.

मला वाटायचं, माझं हे हसणं घरातलं आहे, मिठासारखं, चवीपुरतं. पण शाळेतून फेथच्या बाईंचा फोन आला. वर्गात प्रत्येकानं आपले वडील काय करतात ते सांगायचं होतं. फेथ उभी राहिली आणि म्हणाली, "माझे पप्पा येड्यावानी करत्यात." बाईंना ते फार गोड वाटलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मी फोन ठेवला.

त्यानंतर चिमटा उडाल्यावरचं ते हसणं.

होडी बुडाली तरी माझं काही जात नव्हतं, हे खरंच. पण पोरीनं बापाकडं आजीच्या नाकानं बघायला लागू नये. एकदा ती सवय लागली की जात नाही. मी या घरात येऊन सात वर्षं बघते आहे, इथं सगळेच कुणाकडं ना कुणाकडं तसं बघत असतात, आणि जेवण छान पचतं.

मी टोमणे बंद केले. चिमटे मागायच्या आधी आणून द्यायला लागले. फेथला घेऊन सँडपेपरनं पट्ट्या घासायला बसले. घासल्यावर लाकडाचा रंग नुकत्या निघालेल्या काकवीसारखा झाला, त्यात बारीक तपकिरी रेघा. खोक्यावरचे छापही काही ठिकाणी राहिले होते. एका पट्टीवर अर्धी छत्री, एका पट्टीवर काचेचा पेला, म्हणजे आत नाजूक माल आहे. रॉनी ते घासून काढणार होता. फेथनं काढू दिले नाहीत. "पेला राहू दे," ती म्हणाली. "पाण्याचा हाय." ती त्या पेल्यावरून बोट फिरवत राहायची आणि बाप शेजारी बसून घासत राहायचा. ते दोघं तसे बसलेले असताना मला पोळ्या करपल्याचा वास उशिरा यायचा.

मग फायबरचं कापड आलं, रेझिन आलं. त्या वासानं सासूबाई दोन दिवस आबांच्या सुनेकडं झोपायला गेल्या. परत आल्या तेव्हा होडी साच्यावरून उतरवून टेकूच्या दोन लोखंडी घोड्यांवर ठेवलेली होती. तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळासारखी चकचकीत. सासूबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या, पदर खोचला.

"प्रार्थना ठिवावी लागंल," म्हणाल्या.

आमच्याकडं नवीन वस्तू प्रार्थनेशिवाय वापरत नाहीत. मिक्सरची झाली, इन्व्हर्टरची झाली, ऑस्टिनच्या गाडीची तर दोनदा, कारण पहिल्यांदा प्रार्थनेनंतर लगेच ती खांबाला घासली. पण होडीची प्रार्थना म्हणजे चर्चची सगळी मंडळी घरी येणार.

"आई, कशाला?" रॉनी म्हणाला. "आजून आडव्या दांड्या बसवायच्या हायेत, बैठक बसवायची हाय."

"नंतर बसीव. लोकं हसायला तर येतीलच. मग निदान आमेन म्हणून हसतील."

रविवारी चर्चमधली भक्ती सुटल्यावर मंडळी थेट आमच्या अंगणात आली. चर्चच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या टेम्पोतून आल्या होत्या, आणि त्याच टेम्पोतून होडी नदीला जायची होती. चपला फाटकापाशी काढून सगळे बसले. हौशीराम आबा बोलावल्याशिवाय आले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. ऑस्टिननं मोबाईल उभा न धरता आडवा धरला, म्हणजे सिनेमा नीट येतो. रॉनीनं लग्नातली पँट घातली होती आणि पोट आत ओढून उभा होता. पाळकसाहेबांनी नोहाचं तारूच वाचलं, दुसरं काय वाचणार. "तारवाला आतून व बाहेरून डामर लाव," असं आलं तेव्हा रॉनीनं मान हलवली, एका कारागिरानं दुसऱ्याला ओळख द्यावी तशी. मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

आमेन झालं. चार माणसं होडी उचलायला पुढं झाली.

"गळंल का रं?" आबांनी विचारलं.

"गळायचा प्रश्नच न्हाई, आबा."

"न्हाई, नदीत गेल्यावर कळंलच म्हणा. पवायला येतं न्हवं तुला?"

आता कुणी खोकण्याचं नाटक केलं नाही. सगळं अंगण मोकळं हसलं. फेथ होडीच्या टोकाशी उभी होती, पांढऱ्या फ्रॉकात. तिनं आधी आबांकडं बघितलं, मग आजीकडं, मग तिच्या नाकपुड्या जरा हलल्या. रॉनीनं ते बघितलं. मी बघितलं की त्यानं ते बघितलं.

"थांबा," तो म्हणाला. "नदीत कशाला? हितंच दाखवतो. पाणी भरून टेस्ट घेतो."

या अंगणात त्या वेळी निदान चाळीस माणसं होती, आणि त्यातलं एकही माणूस 'नको' म्हणालं नाही. म्हणेल कसं? प्रत्येकानं कधी ना कधी हौद भरून बघितला होता, ड्रम, फवारणीचा पंप, नाहीतर भोक पडलेली बादली. वस्तू गळते का ते बघायचं तर पाणी भरायचं, यात शंका घेण्यासारखं काय आहे? "हो, हो, भरा. खात्री होईल," पाळकसाहेब म्हणाले. आबांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पसंतीची मान हलवली. "ह्ये बराबर बोलला." मोटरचं बटण मी दाबलं. बोअरचा पाइप रॉनीनं स्वतः होडीत सोडला.

पाणी चढायला लागलं. रॉनी लग्नातल्या पँटवर खाली बसला, दोन घोड्यांच्या मधे, आणि तळाला हात फिरवायला लागला.

"कोरडं," तो म्हणाला.

फेथ त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिनंही हात फिरवला. "मम्मी, कोरडं हाय."

पाणी अर्ध्यावर आलं. कुणीतरी खुर्चीवरून उठून हात लावून बघितला. मग दुसरं. मग रांगच लागली. आबांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून जोड तपासले. सासूबाईंनी तळहात लावला आणि सवयीनं पदराला पुसला. हात कोरडाच होता. अंगणात आता कुणी हसत नव्हतं. फेथ बापाकडं बघत होती, आणि तिचे गाल आधी वर गेले, मग दात दिसले. माझी लेक मला परत मिळाली होती, आणि मला तिथंच बसून रडावंसं वाटत होतं, पण चहा उकळत होता.

"पूर्ण भरा, पप्पा," ती म्हणाली.

"पूर्णच भरायचं असतंय," रॉनी म्हणाला. "न्हाईतर टेस्ट पास धरत न्हाईत."

पाणी काठाला आलं. तेव्हा मला दिसलं की होडीच्या दोन्ही बाजू हळूहळू बाहेर यायला लागल्यात, धान्य भरताना पोतं फुगतं तशा. बाजू धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या अजून बसवलेल्याच नव्हत्या. मी "फेथ" एवढंच म्हणाले. रॉनीनं वर बघितलं, तिला काखेत उचललं आणि मागं सरला. उसाचं कांडं मोडताना होतो तसा आवाज झाला, पण शंभर कांडी एकदम. होडी दोन घोड्यांच्या मधे वाकली, मधोमध मोडली, आणि आख्खं पाणी अंगणात आलं.

खुर्च्यांवर पाय वर घेतले गेले. पाणी फाटकाकडं धावलं आणि प्रार्थनेसाठी काढून ठेवलेल्या सगळ्या चपला उचलून रस्त्यावर घेऊन गेलं. त्या दिवशी तरंगलं ते एवढंच.

मग हसू आलं. मी असं हसणं याआधी मयताच्या तेराव्या दिवशीच ऐकलंय, आधी दाबून ठेवलेलं. पाळकसाहेब बायबल तोंडासमोर धरून हसले, ते बिचारे सभ्य आहेत. ऑस्टिनचा मोबाईल हलत होता, पण त्यानं शूटिंग थांबवलं नाही. आबा म्हणाले, "मी म्हणलंच हुतं." काय म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, कुणी विचारलं नाही. सासूबाई चपला गोळा करायला रस्त्यावर धावल्या, आणि त्यांचे खांदे मागून गदगदा हलताना मला दिसत होते.

रॉनी फेथला खाली ठेवून चिखलात बसला. मोडलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "नॅन्सी, हे बघ. जोड सुटला न्हाई. लाकूड मोडलं, पण जोड एक पण सुटला न्हाई. थेंब गळला न्हाई."

"दादा," ऑस्टिन म्हणाला, "होडीला पाणी बाहेरनं लागतं. आतनं नाही."

पुन्हा सगळे हसले. माझा दीर आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला, आणि तेही होडी मोडल्यावर. भरताना हाच पुढं होऊन म्हणत होता, "वहिनी, मोटर जरा वाढवा की." मी वर ट्यूबकडं बघितलं नाही. अंगणात ट्यूब नसते.

"चहा झालाय," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "उभ्या उभ्याच घ्या, बसायला ओलं हाय. आन् आपापल्या चपला ओळखून न्या. दुसऱ्याच्या घालून जाऊ नका, लग्नात नेता तशा."

तेवढ्यानं हसू जरा कमी झालं. लोकांना स्वतःच्या चपलांची फार काळजी असते.

फेथ हसली नाही. रडलीही नाही. ती उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. आबांच्या, काकाच्या, रस्त्यावरच्या आजीच्या. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड त्या वेळी कसं दिसत होतं, मला माहीत नाही. मी चहाची किटली पुढं केली.

मंडळी गेली. ऑस्टिन जेवून गेला, त्यानं दोन वेळा मटण मागून घेतलं. रॉनीला सेकंड शिफ्ट होती. त्यानं पँट बदलली, डबा घेतला, आणि निघता निघता पडवीत थांबला. जुन्या साच्यांना अजून काही चिमटे लावलेले होते. ते त्यानं एकेक करून काढले, गोंद नखानं खरवडला, टोपलीत टाकले आणि टोपली माझ्यासमोर ठेवली.

"तुझे चिमटे मोकळे झाले," तो म्हणाला.

माझ्याकडं वाक्यं तयार होती. कधीची तयार होती. "सांभाळून जावा," मी म्हणाले. गाडी गल्लीतून गेली. आबांच्या दारावरून जाताना त्यानं नेहमीसारखा हॉर्न वाजवून हात वर केला, ते मला फाटकातून दिसलं. आबांनीही हात वर केला. सासूबाई आत जाऊन आडव्या झाल्या. वस्ती पुन्हा झोपली.

मी ओली धुणी दोरीवर टाकली आणि चिमटे लावले. काही चिमट्यांना अजून गोंद होता, ते कपडा सोडत नव्हते. फेथ मोडक्या होडीच्या अर्ध्या भागात जाऊन बसली होती, टोकाकडं तोंड करून, पाय सोडून. ओल्या फ्रॉकात. मी तिला उठ म्हणाले नाही. ती त्या पेल्यावरून बोट फिरवत होती.

"मम्मी."

"काय गं, सोन्या?"

"आबा पप्पांना हसत्यात."

"हं."

"आन् आजी आबांना हसती. फाटक तारेनं बांधलंय म्हणून. तू काकाला हसतीस. ट्यूबकडं बघून. काका समद्यांना हसतो."

मी हातातला बनियन झटकला. त्याला चिमटा लावला. तो नीट बसला होता तरी काढून परत लावला.

फेथनं मान वळवली.

"मग पप्पा कुणाला हसत्यात?"